मीटर उलटतो तेव्हा

जुन्या, फिरत्या चकतीच्या विजेच्या मीटरवर युनिटांचे पाच आकडे असत. घरात लागून बरीच वर्षे झाली की तो केव्हातरी ९९९९९ वर पोचे आणि पुढच्या युनिटला निमूटपणे ००००० दाखवू लागे. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेच्या घरी हा योग आला. मागचे रीडिंग होते ९९९८७ आणि नवे आले ०००४२. बिल तयार करणाऱ्याने दोन आकड्यांकडे पाहिले, नवा आकडा जुन्यापेक्षा लहान दिसला, आणि बिलावर शेरा मारला : ‘मीटर सदोष’. पुढे तीन महिने सरासरीने बिल येत राहिले. बाईंनी दोन हेलपाटे घातले आणि शेवटी कागदावर गणित मांडून दाखवले. नव्या आकड्याच्या मागे एक लाख धरा, म्हणजे १०००४२. त्यातून ९९९८७ वजा करा. उरले ५५ युनिट. दर महिन्याला त्यांच्या घरी साधारण तेवढेच युनिट जळत.

या गोष्टीत मीटर अगदी ठीक चालला होता. वजाबाकीसुद्धा चुकली नव्हती, कारण ती केलीच गेली नव्हती. वजाबाकीच्या आधी ‘कोणता आकडा मोठा?’ असा प्रश्न विचारला गेला आणि घोटाळा तिथे झाला. हे लक्षात ठेवू या, कारण पुढे संगणकात आपल्याला हीच गोष्ट पुन्हापुन्हा भेटणार आहे.

संगणकाच्या आतही असे मीटर असतात. फरक इतकाच, की त्यांच्या प्रत्येक चाकावर दहा आकडे नसून फक्त ० आणि १ असे दोनच असतात. अशा एका चाकाला बिट म्हणतात. मीटरला किती चाके असावीत हे आज्ञावली लिहिणारा आधी ठरवून टाकतो : ८, १६, ३२ किंवा ६४. बत्तीस चाकांचा मीटर ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे आकडे दाखवू शकतो. सव्वाचारशे कोटींहून जास्त! एवढा मोठा मीटर कधी उलटेल असे लिहिणाऱ्याला वाटत नाही. पण तो काय मोजतो आणि किती वेगाने मोजतो, यावर सगळे अवलंबून आहे. सेकंदाला हजार वेळा पुढे सरकणारा बत्तीस चाकांचा मीटर ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटे आणि ४७ सेकंदांत शून्यावर येतो. शाळेला दिवाळी आणि उन्हाळ्याची मिळून जेवढी सुट्टी असते, जवळजवळ तेवढाच हा काळ.

ड्रायव्हरला घड्याळ कशाला?

संगणकाला जोडलेले प्रत्येक यंत्र, मग तो कळफलक असो, माऊस असो, छपाईयंत्र असो की डिस्क, आपापल्या पद्धतीने बोलते. संगणकाच्या मुख्य आज्ञावलीला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला, ही सगळी बोली येत नाही. म्हणून प्रत्येक यंत्रासाठी एक दुभाषी आज्ञावली ठेवलेली असते. तिला डिव्हाइस ड्रायव्हर किंवा नुसतेच ड्रायव्हर म्हणतात. आपल्या एस.टी.च्या ड्रायव्हरशी तिचे नाते एवढेच, की दोघांनाही आपापले यंत्र हाकायचे असते आणि दोघांनाही वेळापत्रक असते.

ड्रायव्हरला वेळेची गरज दोन कारणांसाठी लागते. पहिले कारण वाट पाहणे. डिस्कला ‘अमुक माहिती दे’ असे सांगितले, तर उत्तर किती वेळात यायला हवे? पाच सेकंदांत आले नाही तर काहीतरी बिघडले असे समजायचे आणि पुन्हा सांगायचे. दुसरे कारण शिक्का मारणे. पोस्टात पाकिटावर तारखेचा शिक्का मारतात, तसा ड्रायव्हर आलेल्या प्रत्येक घटनेवर वेळेचा शिक्का मारतो. कळ कधी दाबली, कॅमेऱ्याने चित्र कधी टिपले, रिमोटमधून प्रकाशाचा झोत कधी आला. माऊसचे बटण दोनदा दाबले गेले की ते ‘डबल क्लिक’ होते की दोन वेगळे क्लिक, हे वेळेच्या शिक्क्यांमधल्या अंतरावरूनच ठरते.

दोन्ही कामांना मीटर लागतो, आणि मीटर आला की त्याचे उलटणेही आले.

मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ९५ ही ऑपरेटिंग सिस्टिम १९९५ साली बाजारात आली. तिच्यात वेळ मोजून देणारा एक ड्रायव्हर होता, व्हीटीडीएपीआय नावाचा. तो मिलिसेकंद मोजत असे, बत्तीस बिटांत. संगणक सलग ४९.७ दिवस चालू राहिला की तो गोठून जाई. हा दोष उघड झाला १९९९ साली आणि मग कंपनीने दुरुस्ती दिली. मधली तीन-चार वर्षे तो कोणाच्या ध्यानात का आला नाही? तेव्हाची गंमत अशी सांगतात, की विंडोज ९५ एकोणपन्नास दिवस सलग चालवून पाहण्याचा योग कोणाला येतच नसे. त्याआधीच दुसऱ्या कशाने तरी ती बंद पडे. गंमत सोडा, पण त्यातला एक धडा खरा आहे. मीटर उलटण्याचा दोष चाचणीत सापडत नाही. चाचणी घेणारा दोन-चार तास यंत्र चालवून पाहतो. दोष मात्र सातव्या आठवड्यात दडलेला असतो.

१४ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या विमानवाहतूक नियंत्रण केंद्रात असेच झाले. तिथली गोष्ट ड्रायव्हरची नव्हती, पण मीटर तोच होता. वैमानिकांशी बोलण्याची यंत्रणा चालवणाऱ्या संगणकात मिलिसेकंदांची मोजणी बत्तीस बिटांत होई आणि ती संपली की यंत्रणा बंद पडे. हे माहीत होते. म्हणून दर तीस दिवसांनी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा असा नियम घालून दिलेला होता. एकदा तो पाळायचा राहिला. आवाजाची यंत्रणा गेली, तिच्या जागी उभी राहणारी पर्यायी यंत्रणाही गेली आणि तीन तासांहून जास्त वेळ आकाशातल्या विमानांशी बोलता येईना. शेकडो उड्डाणे खोळंबली. निदान पाच वेळा विमाने नियमापेक्षा जास्त जवळ आली. टक्कर झाली नाही.

‘दर तीस दिवसांनी बंद करून चालू करा’ हा उपाय आम्हांला मुळीच पसंत नाही. तो दोष काढत नाही, फक्त माणसाच्या स्मरणशक्तीवर टाकतो.

सोळा मुलांचे रिंगण

मग खरा उपाय काय? तो वर्गात करून पाहण्यासारखा आहे. पाचवी-सहावीच्या मुलांनाही जमतो.

सोळा मुलांना गोल उभे करा आणि त्यांना ० ते १५ असे क्रमांक द्या. हा झाला चार बिटांचा मीटर. एक मूल ‘काटा’ होऊन आतून फिरेल आणि प्रत्येक टाळीला एक घर पुढे जाईल. पंधरानंतर पुन्हा शून्य. आता एका मुलीला ड्रायव्हर करा. तिचे काम : पाच टाळ्या होईपर्यंत उत्तराची वाट पाहायची, नंतर ‘यंत्र बिघडले’ असे ओरडायचे.

समजा, काटा १३ वर असताना वाट पाहणे सुरू झाले. मुदत केव्हा संपेल? १३ + ५ म्हणजे १८, पण अठरा नंबरचे घर नाही. मोजत गेलो तर आपण २ वर पोचतो. म्हणजे मुदत २ वर. आता ड्रायव्हर मुलीला सांगा, की ‘काटा मुदतीपेक्षा मोठा झाला का?’ हा प्रश्न प्रत्येक टाळीला विचार. पहिल्याच क्षणी ती पाहील : काटा १३, मुदत २. तेरा दोनपेक्षा मोठा! ती लगेच ओरडेल. यंत्राला उत्तर द्यायला एक टाळीही मिळाली नाही आणि ते बिघडलेले ठरले. बाईंच्या मीटरवर मारलेला शेरा आठवला ना?

उलटही होऊ शकते. मुदत १५ वर आहे आणि मुलगी दोन टाळ्यांतून एकदाच पाहते आहे. १४ ला तिने पाहिले, अजून वेळ आहे. पुढच्या खेपेला पाहिले तेव्हा काटा ० वर. शून्य पंधरापेक्षा लहान. ती वाट पाहत राहील, १४ पर्यंत पुन्हा सगळे रिंगण. खऱ्या संगणकात हे रिंगण सात आठवड्यांचे असते. पडद्यावर सगळे गोठलेले दिसते ते यामुळे.

आता प्रश्न बदला. ‘मोठे कोण?’ असे विचारूच नका. ‘मुदतीपासून काट्यापर्यंत पुढच्या दिशेने किती पावले?’ असे विचारा. उत्तर ० ते ७ आले तर मुदत होऊन गेली. ८ ते १५ आले तर मुदत अजून पुढे आहे, आपण मागून येत आहोत. पहिल्या उदाहरणात २ पासून १३ पर्यंत ११ पावले आहेत. अकरा म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त, तेव्हा मुदत यायची आहे. सोळातून अकरा गेले, पाच टाळ्या बाकी. बरोबर! काटा ३ वर आला की अंतर १, मुदत झाली. दुसऱ्या उदाहरणात १५ पासून ० पर्यंत अंतर १. तेही बरोबर.

भिंतीवरच्या घड्याळात आपण हे न शिकवता करतो. अकराला निघालेली गाडी दोनला पोचली म्हटले, तर ती नऊ तास मागे गेली असे कोणी म्हणत नाही.

यात संगणकाला जादा काही करावे लागत नाही हे विशेष. बाईंनी वजाबाकीत एक लाख धरले, म्हणजे नसलेल्या सहाव्या चाकाकडून हातचा घेतला. संगणकाच्या वजाबाकीत हे आपोआप होते. बत्तिसाव्या चाकाच्या पलीकडून घेतलेला हातचा लिहायला जागाच नसते, त्यामुळे तो गळून जातो आणि उरलेले उत्तर नेमके पावलांचे अंतर असते. शिवाय सर्वांत डावीकडचा बिट चिन्हाचा समजला, तर अर्ध्या रिंगणाच्या पलीकडचे अंतर ऋण संख्या म्हणून वाचले जाते. अकरा पावले म्हणजेच उणे पाच. दोन ओळींचे काम आहे. एकच अट : मुदत अर्ध्या रिंगणाच्या आत असली पाहिजे. हजार ठोक्यांच्या मीटरला अर्धे रिंगण म्हणजे जवळजवळ पंचवीस दिवस. डिस्कच्या उत्तराची पंचवीस दिवस वाट पाहणारा ड्रायव्हर आमच्या पाहण्यात नाही.

दोष लवकर येऊ द्या

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या कामाची आहे, कारण तिच्या आज्ञावलीचा मजकूर सर्वांना वाचायला खुला आहे. कोणता दोष कोणी, केव्हा आणि कसा काढला हे त्यात पाहता येते. लिनक्सच्या गाभ्यात ठोके मोजणारा एक मीटर आहे. त्याचे नाव ‘जिफीज’. जुन्या आवृत्त्यांत साध्या संगणकांवर तो सेकंदाला शंभर ठोके मोजे, म्हणून बत्तीस बिटांत ४९७ दिवसांनी उलटे. वर्ष-दीड वर्ष सलग चाललेला एखादा सर्व्हर एके दिवशी ‘मी आजच सुरू झालो’ असे सांगू लागे, ते यामुळेच.

गाभ्यातल्या ड्रायव्हरांची संख्या हजारांत. प्रत्येक जण आपापल्या परीने तुलना लिहिणार आणि काही जण चुकणार. यावर दोन गोष्टी केल्या गेल्या. पावलांचे अंतर काढणारी तुलना एकदाच नीट लिहून सर्वांसाठी ठेवली. तिचे नाव ‘टाइम-आफ्टर’. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने स्वतःचे डोके न चालवता तीच वापरायची. दुसरी गोष्ट आम्हांला फार आवडते. २.६ या मालिकेपासून हा मीटर शून्यापासून सुरू होतच नाही. तो उलटण्याच्या बरोबर पाच मिनिटे आधीच्या आकड्यावर लावून ठेवतात. त्यामुळे बत्तीस बिटांचा मीटर, संगणक कोणताही असो, सुरू केल्यावर पाच मिनिटांत एकदा उलटतोच. ज्या ड्रायव्हरमध्ये ‘मोठे कोण?’ची चूक असेल त्याचे पितळ लिहिणाऱ्याच्या टेबलावर, चहा निवायच्या आत, उघडे पडते. सातव्या आठवड्यात, परक्या गावी, रात्री अडीच वाजता नाही.

सगळ्या यंत्रांच्या नशिबी हे आले नाही. २०१५ साली अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबद्दल एक आदेश काढला. या विमानातल्या जनित्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या घटकांना सलग २४८ दिवस वीज मिळत राहिली, तर त्यांच्यातली मोजणी ओसंडे आणि ते आपली वीज बंद करत. चारही घटक एकदम सुरू केलेले असतील तर चारही एकदम बंद. २४८ हा आकडा कुठून आला? दोनचा एकतिसावा घात घ्या, तेवढे शतांश सेकंद धरा आणि दिवस काढून पाहा. २०१९ मध्ये एचपीई कंपनीने आपल्या काही एसएसडी प्रकारच्या डिस्कबद्दल इशारा दिला. बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर त्या बंद पडत आणि त्यांच्यातली माहिती परत मिळत नसे. ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. ३२,७६८ म्हणजे दोनचा पंधरावा घात. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क एकाच दिवशी जाणार, म्हणजे एकीची प्रत दुसरीवर ठेवण्याची सोयही निरुपयोगी. उपाय एकच, तास भरण्यापूर्वी डिस्कच्या आतली आज्ञावली बदलणे.

तारखेचा मीटर

आतापर्यंत आपण ‘किती वेळ गेला?’ हा प्रश्न पाहिला. पण शिक्का मारताना कधीकधी ‘आज तारीख काय?’ हेही लागते. तिथे पावलांचे अंतर पुरत नाही.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत वेळ मोजण्याचे एकक होते सेकंदाचा साठावा भाग, आणि मोजणी होती १ जानेवारी १९७१ पासून. अमेरिकेत घरोघरची वीज सेकंदाला साठ आवर्तने करते (आपल्याकडे पन्नास), आणि संगणकाला ठोका तिच्यावरूनच मिळे. बत्तीस बिटांत हा मीटर सव्वादोन वर्षांत भरतो. हे फार दिवस चालणारे नव्हते, म्हणून पुढे एकक सेकंद केले आणि आरंभ १ जानेवारी १९७० ठरला. एक बिट चिन्हासाठी ठेवला, म्हणजे १९७० च्या आधीच्या तारखाही ऋण संख्यांनी दाखवता येतील. उरलेल्या एकतीस बिटांत २,१४,७४,८३,६४७ सेकंद मावतात, म्हणजे अडुसष्ट वर्षे. १९७० च्या सुमारास अडुसष्ट वर्षांचे भय कोणाला वाटणार?

हा मीटर १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. त्याच्या पुढच्या सेकंदाला डावीकडचा चिन्हाचा बिट १ होईल, संख्या ऋण होईल आणि ग्रिनिच वेळेनुसार १३ डिसेंबर १९०१ ची रात्र उजाडेल. आज बालवाडीत असलेली मुले तेव्हा बारावीच्या आसपास असतील.

घरातले आणि शाळेतले नवे संगणक चौसष्ट बिटांचे असतात, त्यांच्यात तारखेचा मीटरही चौसष्ट बिटांचा असतो. तो सेकंदांनी मोजत राहिला तर २९,२०० कोटी वर्षे पुरेल. काळजी आहे ती बत्तीस बिटांच्या लहान प्रोसेसरवर चालणाऱ्या यंत्रांची. ही यंत्रे आपल्याला संगणक म्हणून दिसतच नाहीत. ती कारखान्यातल्या नियंत्रकात असतात, मोटारीत असतात, मीटरच्या पेटीत असतात आणि वीस वीस वर्षे कोणी त्यांना हात लावत नाही.

लिनक्समध्ये ही दुरुस्ती अर्न्ड बर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून केली. नुसता मीटर मोठा केला की झाले, असे आपल्याला वाटते. पण शेकडो ड्रायव्हरांनी वेळ आपल्या आत बत्तीस बिटांच्या डब्यात ठेवलेली होती. एकेक उघडून पाहावा लागला, आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारावा लागला : तुला तारीख हवी आहे, की किती वेळ गेला ते हवे आहे?

बहुतेकांना तारीख नकोच होती! उदाहरणार्थ, टी.व्ही.च्या रिमोटचा संदेश ओळखणारे ड्रायव्हर घ्या. रिमोट अदृश्य अवरक्त प्रकाशाचे झोत पाठवतो. एका प्रचलित पद्धतीत झोत सुमारे ५६० मायक्रोसेकंदांचा असतो, आणि त्यानंतरचा अंधार तेवढाच असेल तर ०, तिप्पट असेल तर १. ड्रायव्हरला फक्त अंधार किती लांब होता हे पाहायचे आहे. पण काही जुने ड्रायव्हर त्यासाठी भिंतीवरचे घड्याळ पाहत; आधीची तारीख-वेळ आणि नंतरची तारीख-वेळ यांची वजाबाकी करत. मध्येच संगणकाने आपले घड्याळ इंटरनेटवरून जुळवून अर्धा सेकंद मागे घेतले, तर अंधाराची लांबी उणे निघायची. २०३८ ची वाट पाहायचीही गरज नव्हती. अशा ड्रायव्हरांना भिंतीवरच्या घड्याळाऐवजी शर्यतीतल्या पंचाचे घड्याळ दिले गेले. ते संगणक सुरू झाल्यापासून पुढेच जाते, कोणी मागे करू शकत नाही. ते नॅनोसेकंद मोजते, चौसष्ट बिटांत, आणि त्याला २९२ वर्षे पुरतात.

यातल्या कितीतरी लहान दुरुस्त्या शिकाऊंनी केल्या. नवख्यांना, विशेषतः स्त्रियांना, या क्षेत्रात आणण्यासाठी ‘आउटरीची’ नावाचा एक उपक्रम चालतो. त्यात २०१४-१५ च्या सुमारास बर्गमान यांच्या देखरेखीखाली हे काम वाटून दिले गेले. दहा-वीस ओळींचा बदल, पण तो करताना ड्रायव्हर वेळेचे काय करतो हे आधी समजून घ्यावे लागे. प्रकल्प म्हणून मुलांना काय द्यावे याचा विचार करणाऱ्या शिक्षकांनी हा नमुना पाहावा.

खरी अडचण निराळीच होती. आपल्याकडे शाळांत आणि कचेऱ्यांत असे छापील अर्ज असत, ज्यांत वर्षाच्या रकान्यात ‘१९’ आधीच छापलेले असे आणि पुढे दोन आकड्यांची जागा. २००० साल उजाडल्यावर छापखान्याला नवे अर्ज सांगणे सोपे होते. पण गावोगावी वाटलेले जुने गठ्ठे आणि ते भरायची सवय झालेले कारकून यांचे काय करायचे? ड्रायव्हर आपली माहिती ज्या साच्यात पुढच्या आज्ञावलींना देतो, तो असाच छापील अर्ज असतो.

कळफलक, माऊस किंवा स्पर्श ओळखणारा पडदा यांतून आलेली प्रत्येक घटना लिनक्समध्ये एका ठरावीक साच्यात पुढे जाते. बत्तीस बिटांच्या यंत्रावर हा साचा १६ बाइटांचा आहे. चार बाइट सेकंदांसाठी, चार मायक्रोसेकंदांसाठी, दोन घटनेच्या प्रकारासाठी, दोन कोणती कळ यासाठी आणि चार तिच्या मूल्यासाठी. वेळेचे डबे दुप्पट केले तर साचा २४ बाइटांचा होतो. पण आधी तयार झालेल्या असंख्य आज्ञावली दर सोळा बाइटांना एक घटना वाचतात. त्यांना नवा साचा दिला तर त्या पहिल्या घटनेचे शेपूट दुसरीचे डोके समजतील. वेळ सुधारण्याच्या नादात कळफलकच बंद! म्हणून २०१८ साली ४.१६ या आवृत्तीत एक तोडगा काढला गेला. साचा १६ बाइटांचाच ठेवला, फक्त सेकंदांच्या डब्यातला चिन्हाचा बिट आता चिन्हाचा नाही असे जाहीर केले. १९७० पूर्वी कोणी कळ दाबली असण्याचा संभव नसल्यामुळे ऋण संख्यांची गरज नव्हतीच. त्या एका बिटाने मुदत दुप्पट झाली, आता तो डबा फेब्रुवारी २१०६ पर्यंत पुरेल. ही पळवाट आहे हे खरे. आमच्या मते मात्र सगळ्या दुरुस्तीतला सर्वांत शहाणा बदल हाच आहे.

मार्च २०२० मध्ये ५.६ ही आवृत्ती आली, तेव्हा लिनक्सचा गाभा बत्तीस बिटांच्या यंत्रांवरही २०३८ ओलांडायला तयार झाला. गाभ्यावर चालणाऱ्या आज्ञावलींचे काम त्यानंतरही चालू राहिले. डेबियन या लिनक्सच्या संचाने हजारो आज्ञावली नव्याने बांधून २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत हा बदल केला. आणि ज्या यंत्रांवर जुनीच आवृत्ती कायमची बसवून भिंतीत पुरलेली आहे, त्यांना यातले काहीच मिळणार नाही.

शेवटी एक छोटे यंत्र, जे शाळेच्या विज्ञान मंडळालाही आणता येईल. डीएस१३०७ नावाची एक चिप मिळते. संगणक बंद असताना नाण्याएवढ्या बॅटरीवर वेळ राखणे हे तिचे काम, आणि छंद म्हणून विद्युत मंडले जोडणारी मुले ती नेहमी वापरतात. ती सेकंद मोजत बसत नाही. दिवस, महिना, वर्ष असे वेगवेगळे ठेवते आणि वर्षासाठी दोनच आकडे, ०० ते ९९. म्हणजे तिला २०३८ ची भीती नाही. ‘चाराने भाग गेला की लीप वर्ष’ एवढाच नियम तिला माहीत आहे. २००० साली हा नियम बरोबर आला, कारण २००० ला चारशेनेही भाग जातो. २१०० साली मात्र ती फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेनंतर एकोणतीस दाखवील. चिप सुधारता येत नाही, तेव्हा सांभाळून घेण्याचे काम पुन्हा ड्रायव्हरकडे. लिनक्समध्ये अशा घड्याळांच्या ड्रायव्हरला आता ‘माझ्या चिपला अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंतच कळते’ असे नोंदवता येते, आणि त्याबाहेरची तारीख लावायला गेले तर ती नाकारली जाते. ही चिप आणि बॅटरी शाळेत आणलीत, तर मुलांना तिच्यात ‘००’ सालाच्या फेब्रुवारीची २८ तारीख, रात्रीचे ११ वाजून ५९ मिनिटे लावायला सांगा आणि मिनिटभर थांबा.